खिमा पास्ता कुकरला का लावायचा नाही

मंदआच (धागाकर्ता):
काल इथे एक पाककृती आली. मटण खिमा, आलं-लसूण पेस्ट, दोन चमचे गरम मसाला, चार शिट्ट्या, वरून केचप आणि त्यात उकडलेला पास्ता. ‘वीस मिनिटांत इटालियन’. खाली सगळे वाहवा करतायत. मला राहवेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

खिम्याच्या या सॉसचं, म्हणजे बोलोनीजचं, मूळ इटलीतल्या बोलोन्या शहराचं. तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये इटालियन पाककला अकादमीने १७ ऑक्टोबर १९८२ ला त्याची कृती रीतसर नोंदवली. त्यात कांदा, गाजर, सेलरी, थोडा टोमॅटो, वाइन आणि चक्क दूध आहे. लसूण नाही, मसाला नाही. गोमांस आपल्याकडे मिळत नाही, म्हणून मटण घ्या, माझी हरकत नाही. पण खिमा आधी पसरट कढईत पाणी आटेपर्यंत परता, तळाला तपकिरी खरवड धरू द्या. मग बारीक आचेवर दोन-अडीच तास. थोडं थोडं दूध घातलं की टोमॅटोचा आंबटपणा बसतो. पास्ता एक मिनिट कच्चा असताना उपसायचा आणि त्याच्याच वाटीभर पाण्यासकट सॉसमध्ये शिजवायचा. पावसाळ्यातल्या रविवारी आमच्याकडे हा सॉस सकाळपासून चुलीवर असतो आणि दुपारी सगळे न बोलावता ताटावर येतात. ते सुख शिट्टीत मिळत नाही.

हिंजवडीहून_परत:
तुमच्याकडे सकाळपासून चुलीपाशी कोण उभं असतं, ते लिहिलं नाहीत. मी साडेआठला घरी पोचते. मुलगी भुकेलेली असते. ती काल आलेली कृती माझी नाही, पण मी अशीच करते आणि पोरगी वाटी चाटून पुसून ठेवते. कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत जातं, तंतू लवकर सुटतात, मटण मऊ होतं. यात चूक काय?

चरकवाचक:
कुकर राहू द्या बाजूला. मटणात दूध?! आमच्या घरी ही गोष्ट कुणी उच्चारलीही नसती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २६व्या अध्यायात स्पष्ट आहे, पाळीव प्राण्यांचं मांस दुधाबरोबर खाऊ नये. माझ्या आतेभावाने लग्नात मटणावर बासुंदी खाल्ली, अंगावर गांधी उठल्या, रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. इटलीतल्या चेंबरला हे माहीत नसेल, तुम्हाला असायला हवं.

रस्साप्रेमी:
काका, तोच श्लोक पूर्ण वाचा ना. दुधाबरोबर त्याच यादीत मध, तीळ, गूळ, उडीद, मुळा आणि मोड आलेली धान्येही आहेत. आमच्या कोल्हापूरकडच्या कांदा-लसूण मसाल्यात तीळ असतात. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मसाल्याचा मटण रस्सा ओरपतोय. तीळ चालतात आणि दूध चालत नाही, हे कुठल्या पानावर आहे?

चरकवाचक:
मसाल्यातले तीळ चिमूटभर असतात, इथे पेलाभर दूध ओतायला सांगतायत. प्रमाण नावाची गोष्ट आहे की नाही? आतेभाऊ मी डोळ्यांनी पाहिलाय, तुम्ही नाही.

छावणीतली_सून:
सासरे सैन्यात होते, आम्ही काही वर्षं श्रीनगरला राहिलो. तिथे लग्नाच्या वाझवानात, म्हणजे काश्मिरी मेजवानीत, आबगोश्त असतं, आटवलेल्या दुधातलं मटण, वेलची-बडीशेप घातलेलं. शेजारच्या आजी बाळंतिणीलाही द्यायच्या. कुणाला गांधी उठलेल्या पाहिल्या नाहीत. तुमच्या आतेभावाने लग्नात आणखी काय काय खाल्लं होतं, तेही सांगा.

चरकवाचक:
घरच्या माणसाच्या आजारपणावर असं बोलायचं? इथली चर्चा आता या पातळीला आली.

कर्वेनगर_भाडेकरू:
तुम्ही दुधावर भांडताय. माझ्या करारनाम्यात ‘मांसाहार शिजवणार नाही’ असं कलम आहे. पुण्यात एकट्या माणसाने घर शोधताना पहिला प्रश्न हाच येतो. अडीच तास खिमा शिजवला तर वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईल आणि महिनाअखेरीस सामान रस्त्यावर. शिट्टीवाल्या ताईंची कृती मला परवडते, कारण ती पटकन संपते.

मंदआच:
भाडेकरू, तुमचा त्रास खरा आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन. ‘हिंजवडी’ ताई, चुलीपाशी मी उभा असतो, आणि तुमच्या वेळेवर माझा राग नाही. राग आहे पाण्यावर. कुकरमधून वाफ फारशी जात नाही, रस आटत नाही. ते पातळ झाकायला मग केचप येतं, गोडावर मसाला येतो. शिवाय मटणाची चरबी निवली की टाळूला चिकटते, म्हणून सुरुवातीला सुटलेलं तूप चमच्याने काढावंच लागतं. चार शिट्ट्यांत ते काढणार कधी?

हिंजवडीहून_परत:
बरं. खिमा आधी परतून तूप काढेन, दोन शिट्ट्या देईन, झाकण काढून पंधरा मिनिटं आटवेन. केचप बंद. पण आलं-लसूण राहणार. माझ्या मुलीला बोलोन्या माहीत नाही, माझ्या हातची चव माहीत आहे.

बन्सीवाला:
सॉसवर एवढं लिहिलंत, पास्त्यावर कुणी बोललं नाही. निम्म्या घरांत लगदा होतो तो मैद्याच्या स्वस्त पास्त्यामुळे. पुडीवर ड्युरम पाहून घ्या. ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू, ज्याच्या शेवया व्हायच्या. आपल्याच पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेने त्याची एमएसीएस ४०२८ ही जात काढली आहे. आपल्या मातीतला गहू सोडून आयात पुडीला चौपट पैसे मोजणं मला पटत नाही. १०० ग्रॅमला लिटरभर पाणी, त्यात १० ग्रॅम मीठ, बस्स.

चरकवाचक:
गव्हाचं पटलं. दूध न घालता हा सॉस होतो का, एवढंच सांगा. लसूण नसला तरी चालेल मला.

मंदआच:
होतो. पेल्लेग्रिनो आर्टुझी या इटालियन पाककृती-लेखकाने १८९१ मध्ये छापलेल्या कृतीत टोमॅटोच नाही, मांसाचा पातळ रस्सा थोडा थोडा घालत शिजवलंय. टोमॅटो नाही म्हटल्यावर दूध कशाला लागतंय? गाजर थोडं जास्त घ्या, हाडं उकळून त्यांची अखनी, म्हणजे तोच पातळ रस्सा, करून ठेवा, शेवटी जायफळ किसा. खिमा मात्र शिवाजी मार्केटात समोर उभं राहून सुऱ्याने जाडसर करून घ्या. यंत्रातला पिठासारखा होतो, त्याला रस धरत नाही.