झू व्हेट (प्राणिसंग्रहालयाचा डॉक्टर) व्हायचंय: एमव्हीएस्सी की परदेशी डिप्लोमा?

निपाणी_इंटर्न: बीव्हीएस्सीची (पशुवैद्यकीची पदवी) इंटर्नशिप संपत आलीय. पुढं वन्यप्राण्यांतच काम करायचं आहे. आपल्याकडं 'झू स्पेशालिस्ट' म्हणून सर्टिफिकेट कोण देतं? डार्टिंगचा (बंदुकीनं भुलीचं इंजेक्शन मारायचा) कोर्स आधी करावा का?

पॅथो_बेळगाव: तसं बोर्ड भारतात नाही. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी झाली की म्हैस काय नि वाघ काय, उपचाराचा हक्क तोच. स्पेशालिस्ट ठरतो एमव्हीएस्सीच्या (पदव्युत्तर पदवीच्या) विषयावरून. वन्यजीव विषयासाठी इज्जतनगरची आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) बघा, पण जागा बोटांवर मोजण्याइतक्या. नाही मिळाली तर पॅथॉलॉजी घ्या आणि प्रबंध वन्यप्राण्यांवर करा. पोरं पॅथॉलॉजीला नाक मुरडतात, पण संग्रहालयाचं निम्मं काम तेच. बेळगावजवळच्या भुतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात नोव्हेंबर 2025 मध्ये काळवीट दगावले ते घटसर्पानं, म्हणजे जंतूंच्या रोगानं; तिथं डार्टगन काय कामाची?

अचानक मेलेलं जनावर दिसलं की सुरी लावायच्या आधी कानाच्या टोकाच्या रक्ताचा स्मिअर (काचेवर पातळ थर) घ्या. पॉलिक्रोम मिथिलीन ब्लूनं रंगवल्यावर गुलाबी कवचाच्या चौकोनी टोकांच्या काडीसारख्या जंतूंची साखळी दिसली तर तो फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स. शव उघडायचंच नाही, नाहीतर हवा लागून बीजाणू तयार होतात आणि ती जमीन कायमची बाटते. दोन्ही टोकांना गडद रंगलेले बारके जंतू दिसले तर घटसर्पाचा संशय. मग कल्चरला (जंतू वाढवून तपासायला) पाठवा.

परदेशी_व्हेट: अमेरिकेच्या एसीझेडएमला किंवा युरोपच्या ईसीझेडएमला (झू स्पेशालिस्टचा डिप्लोमा देणाऱ्या संस्था) बसायचं तर डिप्लोमेटच्या, म्हणजे तो डिप्लोमा मिळवलेल्याच्या, हाताखाली साधारण तीन वर्षांची रेसिडेन्सी (प्रशिक्षण), स्वतःच्या नावानं शोधनिबंध आणि मग परीक्षा. लंडनचा वाइल्ड अॅनिमल हेल्थचा एक वर्षाचा एमएस्सी चांगला आहे, पण त्यानं स्पेशालिस्ट पदवी मिळत नाही. एजंट हे सांगत नाहीत. पैसे भरायच्या आधी ध्यानात घ्या.

फील्ड_खानापूर: डार्टिंगबद्दल. नेम महिनाभरात बसतो, अडतं ते गणितात. 60 किलोचा बिबट्या धरा. भुलीची औषधं दोन: केटामाइन 5 मिग्रॅ/किलो म्हणजे 300 मिग्रॅ, झायलाझिन 1 मिग्रॅ/किलो म्हणजे 60. दुकानातलं 50 मिग्रॅ/मिलीचं केटामाइन आणि 20 मिग्रॅ/मिलीचं झायलाझिन भरलं तर 6 आणि 3, एकूण 9 मिली. कुठल्या डार्टमध्ये कोंबणार? दोन्ही 100 मिग्रॅ/मिलीची घेतली तर 3.6 मिली, 5 मिलीच्या डार्टमध्ये बसतं. म्हणून जर्मनीत हेलाब्रुन मिश्रण निघालं: 500 मिग्रॅ झायलाझिनच्या कोरड्या पुडीत 4 मिली केटामाइन.

उलटा डोस (झायलाझिनची भूल उतरवणारं औषध) घाईनं देऊ नका. केटामाइन अंगात असताना झायलाझिन उतरवलं तर झटके येतात. शेवटच्या केटामाइननंतर निदान 35-40 मिनिटं जाऊ द्या. आपल्याकडं आणखी एक ताप, उसाचा फड. डार्ट लागल्यावर बिबट्या 10-15 मिनिटं चालतो, आणि गर्दीनं आरडाओरडा केला की आणखी उशिरा पडतो. फडात किंवा विहिरीजवळ असेल तर आधी गर्दी हटवा, विहिरीवर जाळं टाका, मगच बंदूक उचला. मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी हवीच. केटामाइन शेड्यूल एक्सचं, म्हणजे कडक नियंत्रणातलं औषध, बाटलीगणिक नोंद ठेवा.

निपाणी_इंटर्न: आभारी आहे सर. सरकारी जागेसाठी काय?

पॅथो_बेळगाव: केपीएससीला (कर्नाटक लोकसेवा आयोग) कन्नड भाषेचा पेपर सक्तीचा आहे. मराठी माध्यमातनं शिकलेल्यांची गाडी तिथंच अडते, लिहायचा सराव आत्तापासून धरा.