शब्दचर्चा : ‘फ्रूटी-वुडी’ सुगंधाला मराठीत काय म्हणावे?

नौपाडा, ठाणे

जाहिरातींचा आणि वेष्टनांवरचा मजकूर मराठीत करून देणे हे माझे रोजचे काम आहे. गेल्या आठवड्यात एका परफ्युमचा मजकूर हाती आला. परफ्युम कमी किमतीचा आहे, रोज कामावर जाताना लावावा असा आहे, त्यात सफरचंद आणि देवदार यांचे वास आहेत, आणि त्याचे वर्णन ‘फ्रूटी-वुडी’ या एका जोडशब्दात उरकलेले आहे. सोबत कोणीतरी आधी केलेले मराठीही होते : ‘फळदार-लाकडी सुगंध, दररोज परिधान करा’. फळदार म्हणजे फळांनी लगडलेले झाड. लाकडी म्हणजे लाकडापासून केलेली वस्तू. पाट लाकडी असतो, तेलाचा घाणा लाकडी असतो, सावंतवाडीची खेळणी लाकडी असतात. सुगंध लाकडी कसा असेल? शिवाय परिधान आपण वस्त्रे करतो. अत्तर आपण लावतो आणि परफ्युम मारतो किंवा फवारतो. तो मजकूर मी बाजूला ठेवला, परंतु त्याच्या जागी काय लिहावे हे आठवडाभर सुचलेले नाही.

अडचण मला अशी दिसते की वासाची विशेषणे मराठीत भरपूर आहेत, पण ती बहुतेक तक्रारीची आहेत. कुबट, खवट, करपट, वशट, आंबूस, कोंदट, उग्र अशी यादी सहज लांबते. सुखद वासासाठी खमंग आणि खरपूस हे शब्द चटकन आठवतात, आणि ते दोन्ही स्वयंपाकघराचे आहेत. खमंग परफ्युम कोणी विकत घेणार नाही. चांगला वास आपण ज्याचा त्याच्या नावाने सांगतो : केवड्याचा, मोगऱ्याचा, नव्या वहीचा. ‘मातीचा वास’ म्हटले की पहिला पाऊस आठवतो आणि ‘मातकट वास’ म्हटले की नळाचे गढूळ पाणी आठवते. पदार्थ एकच, पण षष्ठीचा प्रत्यय लावला तर वास हवासा होतो आणि ‘कट’ लावला तर नकोसा. म्हणून ‘लाकडाचा सुगंध’ हे ‘लाकडी सुगंध’पेक्षा मला बरे वाटते. तरीही बाटलीवर छापण्यासाठी आटोपशीर विशेषण हवे आहे. ‘फळगंधी’ चालेल असे वाटते. ‘काष्ठगंधी’ लिहायला हात धजत नाही, कारण काष्ठ म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे चिता येते. जाणकारांनी मत द्यावे.

वाशी, नवी मुंबई

सुगंधी द्रव्ये तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत, ठाणे-बेलापूर पट्ट्यात, माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे या शब्दाच्या मागे प्रत्यक्षात काय असते ते आधी सांगते. शब्द त्यावरून ठरवावा असे मला वाटते.

संत्रे, लिंबू यांच्या सालींतून तेल पिळून निघते. सफरचंद, पीच, पेअर यांच्या गरातून तसे अत्तर काढता येत नाही. त्यांचा वास प्रयोगशाळेत एस्टर आणि लॅक्टोन या जातीच्या रसायनांतून जुळवावा लागतो. यांतले बहुतेक फळांचे एस्टर हलके असतात आणि लवकर उडून जातात. देवदार, चंदन, वाळा यांच्या वासाचे रेणू जड असतात आणि त्वचेवर तासन्‌तास राहतात. म्हणून फवारल्यावर पहिली काही मिनिटे, फार तर अर्धा तास, फळ पुढे असते, आणि दुपारी मनगट नाकाशी नेले तर फळाचा मागमूस राहिलेला नसतो, लाकूड मात्र शांतपणे बसलेले असते.

आता आपल्या जोडशब्दांकडे पाहा. ‘आंबटगोड’ म्हणजे एकाच घासात आंबट आणि गोड. ‘काळासावळा’, ‘ओलासुका’ यांतही दोन गोष्टी शेजारी शेजारी असतात. ‘फळगंधी-काष्ठगंधी’ असे लिहिले तर मराठी वाचक तेही असेच वाचणार, की दोन्ही वास एकदम येतात. बाटलीत तसे घडत नाही. तेथे एक वास जातो आणि दुसरा राहतो. हा क्रम सांगायला मराठीत क्रियाविशेषणे आहेत, त्यांचा उपयोग करावा : ‘आधी सफरचंदाचा, मागाहून देवदाराचा’. विशेषण शोधण्याचा हट्ट सोडला तर वाक्य आपोआप मराठी होते.

फळ आणि लाकूड यांचा वास खरोखर एकत्र कुठे येतो, तर तो आमच्या तुर्भ्याच्या फळबाजारात, एप्रिल महिन्यात. हापूसची लाकडी पेटी उघडताना वरची फळी खिळ्यांसकट करकरत निघते, आणि गवताच्या खालून पिकत्या आंब्याचा, कोरड्या पेंढ्याचा आणि रंधा न मारलेल्या फळीचा असा तिहेरी वास एकदम अंगावर येतो. पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या आंब्याला ती फळी नसते आणि त्यामुळे तो वासही अपुरा वाटतो. या वासाला आमच्या घरी ‘आढीचा वास’ म्हणत, कारण आजोळी माळ्यावर आंब्याची आढी लावलेली असे. ‘फ्रूटी-वुडी’चा याहून नेमका मराठी अनुभव मला सांगता येणार नाही. परफ्युमवर ‘आढी’ छापता येणार नाही हे खरे; पण मराठी नाक या जोडीला अपरिचित नाही, एवढे त्यावरून दिसते.

‘काष्ठ’ शब्दाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. आपल्याकडे काष्ठौषधींची दुकाने असतात, आणि तेथील वास चितेचा नसून दिवाळीच्या उटण्याचा असतो : नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी. सुगंधाच्या व्यवसायात वाळा आणि नागरमोथा ही दोन्ही मुळे ‘वुडी’ गटातच धरतात, जरी ती झाडाचे लाकूड नाहीत. काष्ठौषधी या शब्दातही मुळे, साली, खोडे सगळी येतात. म्हणजे गटाचे नाव म्हणून ‘काष्ठगंधी’ हा शब्द ‘वुडी’च्या विस्ताराला चांगला पुरतो. तांत्रिक लेखात तो वापरावा, बाटलीवर नको.

एक सावधगिरी. मूळ मजकुरात ‘सीडर’ असेल तर प्रत्येक वेळी देवदार लिहू नये. हिमालयातला आणि ॲटलास पर्वतातला सीडर हे खरे देवदाराच्या कुळातले. व्हर्जिनिया सीडर म्हणून जे तेल येते ते जुनिपर या वेगळ्याच झाडाच्या लाकडाचे असते. आणि ‘व्हेटिव्हर’ आले तर निःशंकपणे ‘वाळा’ लिहावे. तो शब्द मुळात तमिळ, फ्रेंचांच्या हातून फिरून आपल्याकडे परत आला आहे, आणि आपण तीच मुळी उन्हाळ्यात माठात टाकतो.

कळवा

मला केवळ किमतीच्या शब्दाबद्दल लिहायचे आहे. ‘स्वस्त’ हा गुण वस्तूचा आहे आणि त्याला हलकेपणाची छटा चिकटलेली आहे. ‘परवडणारा’ हा शब्द घेणाऱ्याच्या खिशाकडे पाहतो. एकाला परवडते ते दुसऱ्याला परवडत नाही. ‘किफायतशीर’ म्हणजे दिलेल्या पैशांच्या मानाने जास्त चालणारा. रोज लावायच्या परफ्युमला हाच तिसरा शब्द योग्य आहे, कारण तेथे बाटली किती दिवस पुरते आणि वास किती तास टिकतो हा हिशेब महत्त्वाचा असतो. परफ्युमच्या ‘ओ द पारफम’ या प्रकारात सुगंधी अंश साधारण १५ ते २० टक्के आणि ‘ओ द त्वालेत’ या सौम्य प्रकारात ५ ते १५ टक्के असतो; पहिल्याची किंमत थोडी अधिक असूनही तो पुष्कळदा किफायतशीर ठरतो, कारण दोन फवाऱ्यांत काम भागते.

घणसोली

‘सुगंध’ऐवजी ‘परिमळ’ लिहिण्याचा मोह अनुवादकांना होतो, म्हणून थोडे त्याविषयी. अमरकोशात ‘विमर्दोत्थे परिमलो गन्धे जनमनोहरे’ असे आहे. घासल्याने, चोळल्याने उठणारा मनोहर गंध तो परिमल. सहाणेवर खोड उगाळताना येतो तो चंदनाचा परिमळ, हे अर्थाला धरून आहे. मराठीत आज तो अर्थ सैल झाला आहे आणि फुलांच्या परिमळाला कोणी हरकत घेणार नाही, पण फवाऱ्यातून उडणाऱ्या द्रवाला तो शब्द जड होतो. एकटा ‘गंध’ तर टाळावाच. ‘रोज गंध लावा’ असे छापले तर लोक कपाळाला हात लावून पाहतील की तेथे काय लावायचे आहे.

वास आजूबाजूला किती पसरतो यासाठी आपल्याकडे दोन सुरेख शब्द आहेत आणि त्यांतला भेद या परफ्युमच्या कामाचा आहे. ‘घमघमाट’ भरून राहतो, ‘दरवळ’ येऊन जातो. सकाळी ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या गाडीत, जेथे शेजाऱ्याचा खांदा आपल्या हनुवटीला लागलेला असतो, तेथे कोणाचाही घमघमाट, तो कितीही महाग असो, सहन होत नाही. कामावर जाताना लावायच्या परफ्युमचा दरवळ असावा. ‘मंद’ हे विशेषण त्यासाठी पुरेसे आहे आणि ते कधीही कमीपणा दाखवत नाही. आपल्याकडे सुगंध मंद असणे ही त्याची स्तुती आहे.

नौपाडा, ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. आढीच्या वासाचे वर्णन वाचून मी शनिवारी जांभळी नाक्यावर मुद्दाम एक लाकडी पेटी उघडून घेतली, आणि वाशीच्या ताई म्हणतात ते अक्षरशः पटले. देवदाराबद्दल कंपनीकडे विचारणा केली; तेल हिमालयातल्या देवदाराचेच आहे, तेव्हा तो शब्द राहू दिला आहे. जोडशब्द काढून टाकला आहे. ‘किफायतशीर’ मात्र कंपनीला बाटलीसाठी लांब वाटला, म्हणून तो खोक्याच्या मागच्या बाजूस गेला. पुढच्या बाजूसाठी आज पाठवलेला मजकूर असा आहे :

‘आधी सफरचंदाचा ताजा वास, मागाहून देवदाराचा मंद दरवळ. रोज लावण्यासाठी.’

‘लावण्यासाठी’ की ‘फवारण्यासाठी’, यावर मी बराच वेळ अडलो होतो. फवारणी म्हटले की शेत आणि औषध आठवते, म्हणून अत्तराचे जुने क्रियापदच नव्या बाटलीला दिले आहे.