तिसरीतल्या पोराची न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट: गरज की शाळांचं नवं खूळ?

महालकर_मामा
भाच्याच्या डायरीत मॅडमचा निरोप आलाय: "न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट करून घ्यावी." म्हणजे स्मरणशक्ती, लक्ष, भाषा असं मेंदूचं कोणतं काम कुठं अडतं ते बघायची टेस्ट. पोरगा तिसरीत. फळ्यावरचं अर्धंच उतरवतो, वाचताना अडखळतो. संक्रांतीच्या पतंगांचा हिशोब मात्र तोंडपाठ. माझं मत सांगतो. वर्गात पोरं मावत नाहीत, म्हणून शाळा जबाबदारी झटकून राहिली. अशी पोरं आमच्या वर्गातही होती, आज इतवारीत दुकानं चालवतात. टेस्टला हजारो रुपये, वर जन्माचा शिक्का. काहून करायची?

निशिगंधा_धरमपेठ
इतवारीत दुकान चालवणारे तुम्हाला दिसतात. नववीत शाळा सोडून घरी बसलेले कुठं दिसतात? लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र असलं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो. शिक्का तर पोराला आधीच बसलाय, 'ढ' म्हणून.

ओपीडीतला
बालरोग विभागात काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो. फळ्यावरचं सुटतं म्हणजे आधी डोळे तपासा. मग कान, झोप, रक्तातलं लोह. मधेच काही सेकंद शून्यात बघतो, हाक मारली तरी कळत नाही, असं होतं का? ते फिट्सचंही लक्षण असतं. एवढं न बघता थेट टेस्टला पाठवणं मलाही पटत नाही. पहिलीतल्या पोरांनाही पाठवतात, खरं तर आठ वर्षांआधी लर्निंग डिसॅबिलिटीचं निदान सहसा करत नाहीत.

पण काही मुलांच्या बाबतीत ही टेस्ट टाळू नये. फिट्स येणारी, मेंदूज्वर होऊन गेलेली, गाडीवरून पडून बेशुद्ध झालेली, डोक्याला रेडिएशन घेतलेली, फार कमी दिवसांची जन्मलेली. यांचा एमआरआय नॉर्मल असूनही स्मरणशक्ती, लक्ष किंवा कामाचा वेग कमी पडलेला असू शकतो. ते फोटोत दिसत नाही. आणि येत होतं ते येईनासं झालं, तर टेस्टची तारीख घेत बसू नका, आधी न्यूरोलॉजिस्टकडे जा.

महालकर_मामा
भाचा यातल्या कशातच बसत नाही. मग साधी आयक्यू टेस्ट पुरे की!

निशिगंधा_धरमपेठ
आयक्यू ९५ आला, पुढं काय? एकाला ऐकलेलं डोक्यात धरून ठेवता येत नाही, दुसऱ्याला अक्षर आणि आवाजाचा मेळ लागत नाही. आकडा दोघांचा सारखाच येऊ शकतो, शिकवायची पद्धत मात्र वेगळी लागते. बाय द वे, भारतात बरीच वर्षं वापरलेली मुलांची आयक्यू टेस्ट डॉ. मालिन यांनी आपल्या नागपुरातच तयार केली, १९६९ मध्ये! अभिमान आहेच, पण तेव्हाच्या मुलांच्या मापानं आजचं पोर मोजलं तर आकडा फुगून येतो.

मानेवाड्याची_आई
माझ्या मुलीला फिट्स येतात, तिची पूर्ण टेस्ट झाली आहे. रिपोर्ट इंग्रजीत आला, शाळेनं फाइलला लावला, बाई अजून फळाभर लिहायला लावतात. म्हणून मी मामांच्याही बाजूची नाही आणि ताईंच्याही. टेस्टआधी डॉक्टरांना आपला प्रश्न लिहून द्या: वाचन का अडतं? गणितात पायऱ्या का विसरते? नुसतं 'असेसमेंट करा' म्हटलं की नुसते आकडेच हाती येतात. टेस्ट कोणत्या भाषेत घेणार तेही विचारा. आमच्याकडे घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. इंग्रजी शब्द अडला म्हणून पोर मंद ठरायला नको.

ओपीडीतला
आणि घेणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी बघा. प्रमाणपत्र हवं असेल तर ते सरकारी व्यवस्थेतूनच काढावं लागतं, खासगी रिपोर्ट तेवढ्याला चालत नाही.

महालकर_मामा
हौ, डोळे-कान तपासून घेतो. पण मॅडमनी कशासाठी ते एक ओळ लिहायला नको होतं? मी भेटून विचारणार आहे.

निशिगंधा_धरमपेठ
जरूर विचारा. पण चष्मा लागूनही वाचन तिथंच राहिलं तर किती थांबणार?

महालकर_मामा
दिवाळीपर्यंत.

निशिगंधा_धरमपेठ
मग नंबर आजच लावून ठेवा. गरज नाही पडली तर रद्द करता येतो.