प्रोबेशनची (जेलऐवजी अटी घालून बाहेर सोडणं) अट मोडली की लगेच दोन दिवस आत, मुंबईत चालेल का?

परळकर: अमेरिकेत होनोलुलूला 2004 साली जज स्टीव्हन आल्म यांनी होप नावाचं प्रोबेशन सुरू केलं. रोज सकाळी हॉटलाइनला फोन लावायचा, आपल्याला ठरवून दिलेला कलर लागला तर त्याच दिवशी ड्रग टेस्ट. फेल झाला की लगेच थोडे दिवस जेल, पण प्रोबेशन चालूच. 2009 च्या अभ्यासात नव्या गुन्ह्यात अटक होण्याचं प्रमाण साध्या प्रोबेशनपेक्षा 55 टक्क्यांनी कमी आलं. आपला 1958 चा प्रोबेशनचा कायदा बघा, बाँडची (सुटताना दिलेलं लेखी हमीपत्र) अट मोडली तर एकतर मूळ गुन्ह्याची शिक्षा नाहीतर पहिली चूक म्हणून जास्तीत जास्त 50 रुपये दंड! मधलं काहीच नाही, मग पोरगा कशाला घाबरेल?

किल्ला कोर्टवाली: अर्धीच गोष्ट सांगताय. हेच मॉडेल अर्कान्सा, मॅसॅच्युसेट्स, ओरेगॉन, टेक्सासमध्ये दीडेक हजार लोकांवर करून बघितलं, 2016 ला रिझल्ट आले, पुन्हा अटक होण्यात काही खास फरक नाही. आणि दोन दिवस आत म्हणजे काय हो? कुर्ल्याच्या गोडाऊनमध्ये हमाली करणाऱ्या पोराने दोन दिवस खाडा केला की तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो, मग तो परत जुन्या मित्रांकडेच जाणार ना.

भांडुपचा दादा: मॅडम पण साउथ डकोटात 2005 पासून दारूवाल्यांना दिवसातून दोनदा फुंकायला बोलावतात, प्यायलेला सापडला की लगेच आत. तिथे दारू पिऊन गाडी चालवताना परत पकडले जाणं 12 टक्क्यांनी घटलं. शिक्षा छोटी असू दे पण नक्की आणि लगेच, आपल्याकडे नुसती तारीख पे तारीख.

परळकर: +1. आणि मी जेलच पाहिजे असं म्हणत नाही, रोज संध्याकाळी चौकीत हजेरी लावा, कामही बुडणार नाही.

किल्ला कोर्टवाली: चौकीत तर अजिबात नको! मी अशी केस जवळून बघितलीय, एरियात मोबाईल चोरीला गेला की हजेरीवाल्यालाच पहिला उचलतात, त्याचा संबंध असो नसो, आणि मग तो हजेरीलाच यायचा बंद होतो आणि तुम्ही म्हणता बघा अट मोडली. हजेरी प्रोबेशन ऑफिसरकडेच हवी. व्यसन असेल तर उपचार, सुटल्यावर काम, ते बघायला आधी तिथे पुरेसे ऑफिसर तर भरा, मग लगेच शिक्षेचं बोलू.