नवतपात ई. कोलायची मोटिलिटी प्लेट पसरत नाही

वर्धाकाठ:
प्रात्यक्षिकासाठी ई. कोलाय या जिवाणूच्या मोटिलिटी प्लेट्स (नरम आगरात जिवाणू पोहत पसरतात का ते दाखवणाऱ्या) लावल्या आहेत. हिवाळ्यात याच कल्चरचं वर्तुळ रातभरात प्लेटभर होतं. आता लाईन गेली की इन्क्युबेटर बंद, खोलीत दुपारी ४३ अंश. वाढ दाट दिसते, पण टोचलं तिथंच. माध्यमात ग्लुकोज ०.५ टक्के, आगर ०.५ टक्के. जिवंत पेशींना फ्लॅजेला, म्हणजे पोहायच्या शेपट्या, का नाहीत? पोरं हेही विचारतात, फ्लॅजेल्याचा हूक, म्हणजे पाया आणि तंतू जोडणारा वाकडा तुकडा, पूर्ण झाला हे पेशीला कळतं कसं?

पैनगंगा:
तीन गोष्टी एकदमच आड येताहेत. सगळ्या फ्लॅजेल्याचं मुख्य बटण एफएलएचडीसी ओपेरॉन, म्हणजे एकत्र चालू होणाऱ्या जनुकांचा गट. ४२-४३ अंशांवर ई. कोलाय नवे फ्लॅजेला बांधतच नाही. जुने असतात, पण पेशी दुभंगत गेल्या की प्रत्येकीच्या वाट्याला कमी येतात. ग्लुकोजनं सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू उतरतो आणि तेच बटण दबत नाही. तिसरं, ०.५ टक्के आगरात पोहायला वाटच उरत नाही. एका फ्लॅजेल्याला फ्लॅजेलिन या तंतूच्या प्रथिनाचे २०,००० पर्यंत रेणू लागतात. इतका खर्च पेशी उगाच करत नाही.

तिफण:
हुकाचं सांगतो, साल्मोनेला या जिवाणूत हे फार नीट उलगडलंय. आधी पटलातला पाया, मग हूक, शेवटी तंतू. तंतू मुळापासून नाही, टोकाकडून वाढतो. तिफणीच्या नळीतून दाणा जातो तसं प्रथिन जेमतेम २ नॅनोमीटरच्या पोकळीतून जातं, तेही घडी उलगडूनच. घडी घातलेलं तिथं मावत नाही. हूक वाढत असताना फ्लिके नावाचं प्रथिन अधूनमधून त्यातून जाऊन लांबी मोजतं. सुमारे ५५ नॅनोमीटर झाले की त्याचं शेपूट पायातल्या, माल बाहेर सोडणाऱ्या दारातल्या एफएलएचबी प्रथिनाला लागतं आणि दार हुकाचा माल बंद करून तंतूचा घेऊ लागतं. त्याच दारानं एफएलजीएम हे प्रथिन बाहेर पडतं. तोवर त्यानं सिग्मा-२८ ला, म्हणजे तंतूचे जनुक चालू करणाऱ्या प्रथिनाला, धरून ठेवलेलं असतं. सिग्मा-२८ सुटलं की फ्लॅजेलिनचा जनुक चालू. म्हणजे हूक अर्धवट असेल तर तंतूचा माल बनतच नाही! फ्लिके बिघडलेल्या पेशीत हूक लांबतच जातो, तंतू मात्र लागत नाही. पोरांना हाच उत्परिवर्ती दाखवा, चित्रासकट.

पैनगंगा:
प्लेटचं माप: १०० मिलीला ट्रिप्टोन १ ग्रॅम, मीठ ०.५ ग्रॅम, आगर ०.२५ ते ०.३ ग्रॅम, ग्लुकोज नको. प्लेटला २५ मिली ओता, तासभर हलवू नका. इनॉक्युलम, म्हणजे टोचायचं कल्चरसुद्धा ३० अंशांवरच वाढवा. उन्हातलं कल्चर थेट टोचलं तर फ्लॅजेला परत यायला काही पिढ्या जातात. १-२ मायक्रोलिटर आगरात टोचा, तळाला टेकवू नका. प्लेट उपडी ठेवू नका, नरम आगर झाकणात उतरतो. कूलरच्या खोलीत ३० अंश मिळाले तर ८-१० तासांत वर्तुळ दिसतं. प्लेट ओल्या फडक्यासोबत बंद डब्यात ठेवा, नाहीतर कूलरच्या वाऱ्यानं आगर सुकून परत घट्ट होईल. शेजारी क्लेब्सिएला हा जिवाणू टोचा. तो हलत नाही, तुलना लगेच कळते.

वर्धाकाठ:
सूक्ष्मदर्शकाखाली लटकत्या थेंबात आधी पाहिलं तर चालेल?

तिफण:
चालेल, पण ब्राउनियन थरथरीला, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यानं होणाऱ्या जागच्या जागी थरथरीला, पोहणं समजू नका. सरळ पळून मध्येच गिरकी घेत दिशा बदलणारी पेशी दिसली, तरच प्लेट लावा.