डोंबिवली : गाव की अंग टाकायची खोली?

रामनगरी
परवा 'घर कुठे घ्यावं' या चर्चेत बाणेरवासी यांनी लिहिलं, "डोंबिवली म्हणजे मुंबईची झोपायची खोली. तिथे कोणी राहत नाही, रात्री अंग टाकायला येतात." खाली धडाधड अंगठे. मी दोन दिवस गप्प बसलो, आज रविवार आहे, आता नाही बसत.

1998 पासून रामनगरात आहे. मार्च 2020 मध्ये लोकल बंद पडली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा डोंबिवली दिवसाची बघितली. एप्रिलमध्ये चारच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर ओट्यामागच्या फरशांवर उन्हाचा हा एवढा तिरका पट्टा. बायकोला विचारलं, हे ऊन कुठून आलं? ती म्हणाली, "बावीस वर्षं येतंय. तुम्ही असता कधी घरी?"

मग एकेक दिसायला लागलं. पुढे सगळं उघडल्यावर मी आठवड्यातून तीन दिवस घरूनच काम करत राहिलो, तेव्हा तर जास्तच. दुपारी वाचनालयात पुस्तक बदलायला आलेल्या आज्या, क्लासच्या पोरांचे सायकलींचे ढीग, गणेश मंदिराबाहेर पेन्शनरांची संसद. पाडव्याची स्वागतयात्रा इथे सुरू झाली आणि मग बाकीच्या शहरांनी उचलली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर मुंगी शिरायला जागा नसते. हे सगळं काय आम्ही झोपेत केलं?

बाणेरवासी
काका, माझंच म्हणणं तुम्ही पुराव्यासकट मांडलंत, आभार. स्वतःच्या स्वयंपाकघरातलं ऊन ज्याला बावीस वर्षं दिसलं नाही, तो तिथे राहत होता की मुक्कामाला होता?

आणि मी बाहेरून बोलत नाही. 2012 पर्यंत गोग्रासवाडीत होतो. वडील सव्वासातला निघायचे, रात्री नऊला यायचे. माझी शाळेची सगळी गॅदरिंग आईने एकटीने बघितली. वर्षात एक दिवस फडके रोडवर नवे कपडे घालून उभं राहिलं की झालं शहर?

रामनगरी
बाणेरहून हिंजवडीला किती वेळ लागतो ते लिहा आधी.

बाणेरवासी
पाऊण तास. कधी सव्वा. पण बसून.

पश्चिमेची
दोघांनाही एक सांगायचंय. रामनगरी, तुमची ती दुपारची गोड डोंबिवली चालवतं कोण? आज्या आणि बायका. आणि ज्या बायका नोकरीला जातात त्या कुठल्याच यादीत नाहीत. मी एकोणीस वर्षं फोर्टला जातेय. आमच्या डब्यात बायका भाजी निवडतात याचे फोटो काढून लोक कौतुक करतात ना, ते डोक्यात जातं. घरी वेळ नाही म्हणून गवारीच्या शिरा लोकलमध्ये काढते मी. हौस नाही ती.

बाणेरवासी, तुमच्या आईने गॅदरिंग एकटीने बघितली, मला एकही बघता आली नाही. म्हणून माझ्या पोराचं गाव 'खोली' होत नाही. त्याला विष्णूनगरातला प्रत्येक वडापाववाला नावाने ओळखतो.

आजदेगाव
पूर्वेच्या ब्राह्मण आळीतून बाहेर पडा जरा. स्वागतयात्रा, वाचनालय, संपली का डोंबिवली? आम्ही एमआयडीसीच्या कुशीत राहतो. 2014 ला हिरवा पाऊस पडला तो आमच्याकडे. 2020 ला रस्ता गुलाबी झाला, तोही आमच्याकडे, तेव्हा मुख्यमंत्री बघायला आले होते. मे 2016 ला एका कंपनीत स्फोट, मे 2024 ला परत दुसऱ्या कंपनीत. दुसऱ्या वेळी मी दुपारचा जेवत होतो. खिडकी आत आली. वरणात काच. आई म्हणाली उठू नको, पायात काही नाहीये तुझ्या. तसाच मांडी घालून बसलो, तिने केरसुणीने वाट करून दिली तेव्हा उठलो.

कल्याणकर नाइलाजाने
वाईट झालं, पण कारखाने साठीच्या दशकातले. इमारती नंतर चिकटल्या. घर घेताना वास आला नव्हता का?

आजदेगाव
घर घेताना? भाऊ, आम्ही आगरी. घर पणजोबांचं. कारखान्याच्या आधी आम्ही, महापालिकेच्या आधी आम्ही. आमच्यासारख्या 27 गावांना 1983 ला महापालिकेत घेतलं, 2002 ला काढलं, 2015 ला परत घेतलं. विचारलं कोणाला? घर घ्यायला तुम्ही आलात, वास आम्हाला विचारता.

कल्याणकर नाइलाजाने
बरं, चुकलं. शब्द मागे. (पण नंतर चिकटलेल्या इमारतींचे प्लॉट कोणी विकले, हेही एकदा येऊ द्या.)

रामनगरी
मूळ मुद्दा राहिला बाजूला. शहर कशाला म्हणायचं, हा प्रश्न होता. बाकी मला एमआयडीसीपेक्षा रोजचा मनस्ताप वेगळाच आहे. आठच्या सुमाराची आपली डोंबिवली लोकल. इथून सुटते, म्हणजे रिकामी मिळायला हवी. फलाटावर लागते तीच भरलेली! दिवा, कोपरचे लोक मुंबईहून येणाऱ्या त्याच गाडीत उलटे बसून येतात आणि ढिम्म हलत नाहीत. ज्यांच्यासाठी गाडी आहे ते उभे.

दिव्याचा दादा
वाचतोय कधीपासून. आता माझ्या विषयावर आलात.

हो, मी रिटर्न येतो. रोज. पास डोंबिवलीपर्यंतचा काढलेला आहे, फुकट नाही येत. कारण विचारा. दिव्याला तुमची गाडी येते तेव्हा दारात तुमचे डोंबिवलीचे ग्रुप उभे असतात. "पुढे जागा नाही, मागची बघा." मागच्या गाडीतही तेच. मग माणूस काय करणार?

रामनगरी
दारात उभे असतात कारण आत तुम्ही बसलेले असता!

दिव्याचा दादा
आणि मी आत बसतो कारण दारात तुम्ही असता. चला, आता काय करायचं?

पश्चिमेची
रामनगरी, खरं सांगा. कल्याण लोकल पकडायला तुम्ही कधी उलटे कल्याणला गेला नाहीत?

रामनगरी
पाठीचं दुखणं होतं तेव्हा. काही दिवस.

पश्चिमेची
किती दिवस?

रामनगरी
2009 ते 2013.

कल्याणकर नाइलाजाने
हा घ्या!! तेव्हा मी कल्याणला फलाटावर उभा होतो हो! गाडी यायची ती डोंबिवलीकरांनी भरलेली, खिडक्या बंद करून झोपेचं सोंग घेतलेले. चार वर्षं माझी खिडकी तुम्ही खाल्लीत. आणि दिव्यावाल्यांना शहाणपण शिकवताय?

रामनगरी
स्लिप डिस्क होती. रिपोर्ट टाकू का इथे?

कल्याणकर नाइलाजाने
टाका. मलाही मणक्याचा त्रास आहे, तो 2009 ला सुरू झाला.

बाणेरवासी
माझी खरंच करमणूक होतेय. शहर आहे का या प्रश्नावर साठ प्रतिक्रिया, त्यातल्या पन्नास साडेतीन माणसांच्या बाकावर. याहून वेगळं मी काय म्हणत होतो?

दिव्याचा दादा
करमणूक तुमची होऊ दे. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून दोन गाड्या गेल्या आणि दारातली माणसं खाली पडली. चौघे गेले त्या दिवशी. मी मागच्या गाडीत होतो, ती मध्येच थांबवली. कोणाला काही कळत नव्हतं, सगळे ऑफिसला 'लेट होईल' टाइप करत होते. मीही केलं. नंतर कळलं कशामुळे लेट.

त्या दिवसापासून बायकोने शपथ घातली, दारात उभं राहायचं नाही. म्हणून रिटर्न. पाऊण तास जास्त जातो. अजून काही विचारायचंय?

रामनगरी
नाही.

पश्चिमेची
त्या दिवशी संध्याकाळी आमच्या डब्यात कोणी भांडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत सुरू.

आजदेगाव
गाड्या वाढवा म्हणायचं सोडून एकमेकांच्या मांडीवरून भांडतोय आपण. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 ला झाली, तेव्हा सगळं सुटेल म्हणाले होते. एसी लोकल वाढवतात, तिचा पास आमच्या पगारात बसत नाही. बंद दरवाजे हवेत, पण साध्या गाडीला.

कल्याणकर नाइलाजाने
बंद दरवाज्यांच्या साध्या गाडीत मे महिन्यात कुकरची शिट्टी होईल. पण हो, हवेत.

बाणेरवासी
दिव्याचा दादा, 'करमणूक' शब्द मागे घेतो. 'खोली' मात्र नाही घेत.

रामनगरी
नका घेऊ. माझ्यापुरतं ते खरं असेल. मी बावीस वर्षं इथे झोपलोच, डोंबिवली मात्र जागी होती. एवढं मान्य करून तुमच्या पोस्टवरचा माझा राग आहे तेवढाच ठेवतो.

दिव्याचा दादा
रामनगरीकाका, उद्या पुढून तिसरा डबा, मधलं बाक. तुम्ही चढाल तेव्हा मी बसलेलाच असेन. पाठ खरंच दुखत असेल तर ओळख द्या, ठाण्याला उठून देतो.

रामनगरी
ठाण्याला काय उपयोग. मुंब्र्याला द्या.

दिव्याचा दादा
कळवा. शेवटचं.