मदत हवी आहे: गुन्हा न नोंदवताच पोलिसांनी अर्ज निकाली काढला, हवालदारावर तक्रार कुठं करायची?

बागवाला (29 एप्रिल, रात्री 8:50)
सांगली जिल्हा, द्राक्षपट्टा. ठाण्याचं नाव लिहीत नाही, आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, परत तिथंच जायचं आहे. व्यापाऱ्यानं मालाचे पैसे बुडवले. पोलिसांत गेलो तर गुन्हा दाखल केला नाही आणि आता सांगतात, तुमचा अर्ज निकाली निघाला. हवालदार धड बोलत नाही, साहेब कायम बंदोबस्ताला. मला एकच विचारायचं आहे, या हवालदारावर तक्रार कुठं करायची? मी पुण्याला नोकरीला असतो, परवापर्यंतच गावात आहे. नक्की माहीत असेल त्यांनीच लिहा.

माळरान (9:02)
अर्ज कधी दिला? पोच आहे का? रक्कम किती? निकाली काढला हे लेखी दिलं की तोंडी सांगितलं? यातलं काहीच लिहिलं नाही तर कोण काय सांगणार?

कृष्णाकाठ (9:08)
भाऊ, पुढच्या हंगामाला तरी ध्यानात ठेवा. काट्यावर वजन झालं की पैसे खात्यावर आल्याशिवाय गाडी शिवारातनं हलू द्यायची नाही. व्यापाऱ्याचं आधार, गाडीचा नंबर, दलालाची सही, सगळं वहीत पाहिजे. आमच्या भावकीत एकाचे असेच सहा लाख गेले, तेव्हापासून आम्ही रोखीशिवाय माल देत नाही. दर चार किलोला 10 रुपये कमी आला तरी चालेल.

बागवाला (9:15)
माल फेब्रुवारीत गेला हो, आता हे ऐकून मी काय करू? सुपर सोनाका जातीची द्राक्षं, 9 टन 400 किलो, चार किलोला 210 नं सौदा. 4 लाख 93 हजार 500 झाले. 1 लाख आगाऊ दिले, बाकीचे आठ दिवसांत देतो म्हणाला. अर्ज 3 मार्चला दिला. पोच म्हणजे शिक्का ना? तो नाही मिळाला, "ठेवून जा" म्हणाले. निकालीचं तोंडीच.

माहिती_अधिकार_मिरज (9:21)
सरळ माहिती अधिकार टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 150 शब्दांच्या आत, एकच विषय. अर्जाची प्रत, त्यावरचा शेरा, घेतलेले जबाब आणि आवक नोंदवहीतलं त्या दिवसाचं पान मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मी आजवर एकाही ठाण्याच्या दारात उभा राहिलो नाही, सगळं कागदावर केलंय. माणूस दबतो, कागद दबत नाही.

वाळवेकर (9:26)
30 दिवस, मग अपील, मग आयोग. तोवर पुढची फळछाटणी येईल. तुमच्या भागातल्या नेत्याचा एक फोन जाऊ द्या, हवालदार घरी येऊन गुन्हा नोंदवून घेईल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माहिती_अधिकार_मिरज (9:29)
आणि व्यापाऱ्याच्या बाजूनं दुसऱ्या नेत्याचा फोन आला तर? फोनवर चालणारं ठाणं फोनवरच फिरतं.

निवृत्त_जमादार (9:37)
34 वर्षं खात्यात काढली, 2019 ला निवृत्त झालो. दुसरी बाजूही ऐका. एका बीट हवालदाराकडं असे अर्ज ढिगानं असतात. वर बंदोबस्त, समन्स, वॉरंट, तपास. व्यवहारातल्या येण्या-देण्याचा प्रत्येक अर्ज फसवणूक नसतो. माल घेतला, पैसे थकले, हा दिवाणी मामला असू शकतो. पोलिसांनी वसुली एजंट होऊ नये असं कोर्टच सांगतं. सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या ललिता कुमारी निकालातही व्यापारी व्यवहारात आधी प्राथमिक चौकशी करायला मुभा आहे. व्यापाऱ्यानं सुरुवातीपासून फसवायचंच ठरवलं होतं, हे दाखवता येतंय का?

बागवाला (9:44)
काका, शेजारच्या दोन गावांत मिळून अजून चार जणांचे बुडवलेत. सगळ्यांना एकच सांगितलं, आठ दिवसांत पैसे. सौद्याला दाखवलेलं गोदाम भाड्याचं निघालं, तेही फेब्रुवारी अखेरीस रिकामं केलं. हे सगळं हवालदाराला सांगितलंय. पण त्यानं तर मिटवून टाकलं ना. व्यापाऱ्याला ठाण्यात बोलावला, चेक द्यायला लावला, आणि आता विचारलं की म्हणतो तुमच्या वडिलांनीच तक्रार नाही म्हणून लिहून दिलंय.

माळरान (9:46)
हे आत्ता सांगताय? काय लिहून दिलंय? कोणी लिहिलं? वडिलांनी वाचलं होतं का?

बागवाला (9:58)
27 मार्चला आण्णांना फोन करून बोलावलं. एकटेच गेले. वय 66, गुडघे दुखतात. सकाळी 11 ला गेले, दुपारी 2 पर्यंत बाहेर उभे. मग व्यापारी आला, चेक दिला. हवालदारानं कागद लिहिला आणि "चेक मिळाल्याची सही करा" म्हणाला. आण्णा सातवी शिकलेत, वाचता येतं, पण चष्मा घरी होता आणि कोणी वाचून दाखवलं नाही. मी गेल्या आठवड्यात जाऊन तो जबाब बघितला, प्रत दिली नाही. त्यात लिहिलंय, "आमच्यात आपसात समजूत झाली असून माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही." आण्णा मान वर करून बोलत नाहीत माझ्याशी. त्यांना वाटतंय चूक त्यांची आहे. म्हणून मला हवालदारावर तक्रार करायची आहे. पैशाचं नंतर बघू.

वकील_विजयनगर (10:03)
दादा, पैशाचं नंतर नाही, आधी बघा. चेक वटला का? वटला नसेल तर बँकेनं परत पाठवल्याचा मेमो कुठल्या तारखेचा आहे?

बागवाला (10:05)
3 लाख 93 हजार 500 चा, 2 एप्रिलचा चेक. खात्यात पैसे नव्हते. मेमो 7 एप्रिल.

वकील_विजयनगर (10:17)
मग बाकीचं सगळं बाजूला ठेवा. चेक न वटल्याचं जे कलम 138 आहे, त्याखाली लेखी नोटीस मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत जावी लागते, म्हणजे 7 मेच्या आत. आज 29. उद्या 30 आणि परवा महाराष्ट्र दिन, कोर्ट बंद. तुम्ही गावात असताना उद्याचा एकच दिवस आहे. नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवस मिळतात, तेवढ्यात पैसे दिले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर योग्य कारण दाखवून कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीला ती सोय नाही. खटला तुमच्या बँकेच्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात चालतो, व्यापारी परराज्यातला असला तरी. तालुक्याच्या कोर्टातल्या कुठल्याही वकिलाकडं नोटीस तासाभरात होते.

वाळवेकर (10:20)
त्यांनी विचारलं काय, तुम्ही सांगताय काय. हवालदाराचं बोला.

वकील_विजयनगर (10:34)
बोलते. दोन वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नका.

गुन्हा नोंदवून घेत नाहीत ही पहिली. 1 जुलै 2024 पासून नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू आहे, त्यात कलम 173 चं पोटकलम 4. ठाण्यानं नकार दिला तर तक्रारीचा मजकूर लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. तिथंही काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडं, कलम 175(3). जुन्या कायद्यातल्या 156(3) सारखंच. आणि जमादार काकांनी प्राथमिक चौकशी म्हटलं, तीही नव्या कायद्यात मोकाट नाही. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच, उपअधीक्षकांच्या परवानगीनं, 14 दिवसांत. 3 मार्चचा अर्ज पडून होता की चौकशीत होता, हे त्यांना सांगावं लागेल.

दुसरी वाट हवालदाराच्या वागणुकीची. ती तक्रार स्वतंत्र कागदावर करा, पोलीस अधीक्षकांकडं, प्रत कोल्हापूर परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांना. त्याशिवाय राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण मुंबईत आहे. पण तिथं कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, भ्रष्टाचार, अधिकाराचा गंभीर गैरवापर असले विषय घेतात. दिशाभूल करून जबाबावर सही घेणं हा अधिकाराचा गैरवापर आहे असं मला वाटतं. मांडणी मात्र नेमकी हवी.

आटपाडीचा (10:41)
प्राधिकरण वगैरे पाटी आहे फक्त. पोलिसांची चौकशी पोलीसच करणार. नोव्हेंबर 2017 विसरलात का सांगलीकर? चोरीच्या संशयावरून आणलेला तरुण कोठडीत मेला आणि देह आंबोलीत नेऊन जाळला. पळून गेला म्हणून सांगत होते. तेव्हापासून माझा विश्वास उडाला तो उडालाच.

निवृत्त_जमादार (10:55)
नाही विसरलो. मी तेव्हा नोकरीत होतो. त्या आठवड्यात गणवेश घालून भाजी आणायला गेलो तर ओळखीची बाई नजर चुकवून पाटी आवरायला लागली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, मला घरी येऊन जेवण गेलं नाही. पण हेही सांगा की त्यात पोलीसच अटक झाले आणि तपास सीआयडीकडं गेला. लोक रस्त्यावर उतरले म्हणून झालं, मान्य.

आणि प्राधिकरणाला पाटी म्हणू नका. 22 सप्टेंबर 2006 च्या ज्या निकालानं ते आलं, ती याचिका प्रकाश सिंह यांची, म्हणजे निवृत्त पोलीस महासंचालकांची. आमच्यातल्याच माणसानं मागितलंय हे. मला त्याचा अभिमान आहे.

बागवाल्या, तुझ्या आण्णांचं वाचलं. वर मी हवालदाराची बाजू घेतली, ती कामाच्या ओझ्याची होती. या सहीची नाही. जबाब वाचून दाखवायचा, बरोबर आहे का विचारायचं, मगच सही, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. अर्ज निकाली काढायची घाई का होते तेही सांगतो. गुन्हा नोंदवला की आकडा वाढतो, क्राइम मीटिंगला साहेबांना उत्तर द्यावं लागतं, तपास गळ्यात पडतो. अर्जावर "समजूत झाली" लिहिलं की फाइल बंद. मीही असं केलंय, दोन-तीनदा. ती माणसं अजून आठवतात.

चावडी (11:02)
माझे आजोबा सांगायचे, 1943 ते 46 ला आपल्या सातारा-सांगली भागात प्रतिसरकार होतं तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटलांची माणसं गावातच न्यायदान मंडळं बसवायची. लोक इंग्रजांच्या ठाण्याची पायरी चढत नव्हते, तंटे तिथंच तुटायचे. विश्वास हा असा...

माळरान (11:04)
चावडी, तो इतिहास वेगळ्या धाग्यात लिहा, वाचायला आवडेल. इथं माणसाच्या हातात एक दिवस आहे. बागवाला, हवालदारानं पैसे घेतले का? खरं सांगा.

बागवाला (11:13)
लिहू की नको विचार करत होतो. 27 मार्चला आण्णांनी 2 हजार दिले. "व्यापाऱ्याला आणायला गाडी गेली होती, डिझेलचं बघा" असं म्हणाला. पावती नाही. मला आज दुपारी सांगितलं.

वाळवेकर (11:14)
झालं तर! 1064 ला फोन लावा, लाचलुचपतवाले उद्याच सापळा लावतील.

वकील_विजयनगर (11:22)
थांबा, घाईत फोन नको. सापळा पुढच्या मागणीवर लागतो, होऊन गेलेल्या व्यवहारावर नाही. आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होऊ शकतो. दबावानं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवायला हवं होतं, ते गेले. वडिलांना घाबरवायला लिहीत नाही. पण हा मुद्दा कागदावर कसा यावा हे वकिलासमोर बसून ठरवा, या धाग्यावर नको. हवालदारानं पुन्हा मागितले तर मात्र एक रुपया न देता आधी 1064.

बागवाला (11:25)
म्हणजे आण्णाच गुन्हेगार? तीन तास उभं केलं, फसवून सही घेतली, आणि वर हे?

निवृत्त_जमादार (11:33)
डोकं शांत ठेव. उद्या सीसीटीव्हीचं लिहायला विसरू नको. सुप्रीम कोर्टानं 2 डिसेंबर 2020 ला सांगितलंय, प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि चित्रण 18 महिने जपायचं. "27 मार्च, सकाळी 11 ते दुपारी 3, प्रवेशद्वार आणि ठाणे अंमलदाराची खोली, हे चित्रण पुसू नये" असं अधीक्षकांच्या अर्जात स्वतंत्र परिच्छेदात लिही. कोण किती वेळ उभं होतं आणि कागद वाचून दाखवला का, ते त्यात असेल.

दुसरं, 60 च्या वरच्या माणसाला साक्षीसाठी ठाण्यात बोलवता येत नाही, त्याच्या घरी जावं लागतं. नव्या कायद्याचं कलम 179.

माहिती_अधिकार_मिरज (11:37)
पण काका, गुन्हाच नोंदला नाही तर तपासच नाही, मग 179 कसलं? मुळात कुठल्या अधिकारात बोलावलं हाच प्रश्न आहे. म्हणून म्हणतो, माहिती अधिकार.

निवृत्त_जमादार (11:39)
बरोबर आहे तुमचं. तोही टाकायला सांगा.

पलूसची_लेक (11:48)
बाकीच्या चार शेतकऱ्यांना उद्या बरोबर घ्या ना. एकट्याचा अर्ज येणं-देणं वाटतो, पाच जणांचे एकाच व्यापाऱ्यावर आले की फसवणूक दिसते. माझ्या सासऱ्यांच्या बेदाण्याच्या वेळी आम्ही हेच केलं. पैसे सगळे नाही आले, पण गुन्हा नोंदला.

बागवाला (30 एप्रिल, संध्याकाळी 7:40)
काल थोडं तावानं लिहिलं, माफ करा. सकाळी 9 ला वकिलाकडं बसलो. नोटीस 11 ला स्पीड पोस्टनं गेली. मग विश्रामबागला अधीक्षक कार्यालयात दोन्ही अर्ज वेगवेगळे दिले. टपालानंही पाठवले, पण हातानं दिल्यावर प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मिळाला. चौघांपैकी दोघं आले. एकाचा पोरगा भरतीची तयारी करतोय, त्याला भीती वाटली. एकानं फोन उचलला नाही. 2 हजारांचं वकिलाशी बोललो, इथं लिहीत नाही.

आण्णा येणार नाही म्हणत होते. गाडीत मागं बसले, गप्प. वकिलाच्या टेबलावर अर्ज आला तेव्हा चष्मा डोळ्याला लावून पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. पाऊण तास गेला. एके ठिकाणी "अर्जदाराची समजूत काढण्यात आली" असं होतं, तिथं थांबले आणि म्हणाले, समजूत काढली नाही, मला सांगितलंच नाही, तसं लिहा. वकिलानं ते पान परत टाइप केलं. मगच सही केली.

निवृत्त_जमादार (7:52)
आण्णांना माझा नमस्कार सांग. आणि त्यांच्या मनातलं "माझी चूक" काढून टाक, ती त्यांची नाही.

माळरान (7:58)
नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवली? गोदाम रिकामं झालंय म्हणालात.

बागवाला (8:03)
गोदाम, व्यापाऱ्यानं सौद्याच्या चिठ्ठीवर लिहिलेला गावाकडचा पत्ता आणि दलालाचं दुकान, तिन्ही ठिकाणी. पावत्या आण्णांकडं आहेत, माझ्याकडं द्यायला तयार नाहीत.